चारबागची माकडे आणि काँगोपारचे कपी

मुंबईहून सकाळी निघालेली पुष्पक एक्सप्रेस भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी आणि कानपूर ही ठाणी मागे टाकीत दुसऱ्या दिवशी सकाळी लखनौस पोहोचते, आणि ज्या स्थानकात ती विसावते त्याला तेथील माणसे अद्यापही ‘छोटी लाइन’ म्हणतात. परंतु त्या स्थानकाबाहेर पाऊल टाकताच शेजारी पसरलेली तांबड्या-पांढऱ्या रंगाची, घुमटांची, मिनारांची आणि छत्र्यांची जी विस्तीर्ण इमारत दृष्टीस पडते, ती ‘बडी लाइन’, म्हणजेच चारबागचे मूळ स्थानक होय. नवाबांच्या अमदानीत येथे चार भागांत आखलेली बाग होती. सत्तावनच्या सप्टेंबरात हॅवलॉक आणि औट्रम ह्या इंग्रज सेनानींच्या फौजा ह्याच चारबागच्या पुलावरून रक्ताचा सडा घालीत रेसिडेन्सीकडे गेल्या. आणि पुढे १९१४ साली आजच्या इमारतीची कोनशिला बसली. हे बांधकाम चालू असतानाच, १९१६ च्या डिसेंबरात, लखनौची ती काँग्रेस भरली, की जिच्यात सुरतेच्या फाटाफुटीनंतर लोकमान्य टिळक सन्मानाने परत आले. त्यांच्या गाडीचे घोडे सोडून तरुणांनी ती आपल्या हातांनी ओढत नेली होती आणि त्या तरुणांत पुढे फासावर गेलेले रामप्रसाद बिस्मिल होते, हे बिस्मिलांनीच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. मराठी माणसाने ह्या स्थानकात उतरावे आणि क्षणभर तरी त्या दिवसाचे स्मरण करू नये, हे अशक्य आहे.

तथापि माझे मन ह्या खेपेस इतिहासात फार वेळ रमले नाही. नाका हिंडोल्याकडे एका साध्या लॉजमध्ये मी उतरलो होतो आणि रोज पहाटे, उन्हे घुमटांवर चढण्यापूर्वी, फलाटाचे तिकीट काढून पादचारी पुलावर जाऊन उभा राहत असे. कारण त्या वेळी चारबागच्या छतांवर, खांबांच्या कमानींवर आणि पत्र्याच्या पन्हाळ्यांवर तेथील खरे कायम रहिवासी जागे होत असतात. ही तांबड्या तोंडाची, भुऱ्या अंगाची, आखूड शेपटीची उत्तर हिंदुस्थानी माकडे. एका फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ह्यांना ‘ऱ्हीसस’ हे नाव दिले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ती त्याच नावाने प्रसिद्ध पावली.

आपल्या सह्याद्रीतले, डोक्यावर केसांचा भोवरा असलेले लांब शेपटीचे माकड निराळे. ह्या दोन जातींची पारंपरिक सरहद्द तापी आणि गोदावरी ह्या नद्यांच्या आसपास पडते असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. भुसावळ सोडताच गाडी तापीचा पूल ओलांडते तेव्हा प्रवासी ती सरहद्द नकळत ओलांडीत असतो. आणि ही केवळ केसांची आणि शेपटीची सरहद्द नव्हे. दक्षिणेकडचे भोवरेवाले माकड स्वभावाने पुष्कळ सोशिक. त्याच्या टोळीतले प्रौढ नरसुद्धा एकमेकांना कवळतात, एकमेकांची अंगे वेचतात, खेळतात. उत्तरेकडच्या ऱ्हीससाच्या समाजात मात्र मानमरातबाची उतरंड इतकी कडक, की खालच्या पायरीवरच्या प्राण्याने वरच्याची नजर चुकवायची, वाट सोडायची, घास सोडायचा आणि वर दात विचकून आपली शरणागती जाहीर करायची. ते दात विचकणे हास्य नसते आणि क्रोधही नसतो. ‘मी तुझ्या खाली आहे’ ह्या अर्थाचा तो निःशब्द करारनामा असतो.

हा करारनामा मी त्या पुलावरून पुन:पुन्हा पाहिला. फलाटाच्या टोकाला एका प्रवाशाने पुऱ्यांचा पुडा टाकला होता. प्रथम एक धिप्पाड नर पुढे झाला. त्याच्यामागून पोट लोंबलेली, एका कानाचा लचका तुटलेली वृद्ध मादी आपल्या दोन मुलींसह उतरली, आणि ज्या इतर माद्या तोवर पुड्याजवळ घुटमळत होत्या त्या एकदम दूर सरल्या. त्यांतली एक मादी अंगाने ह्या वृद्धेच्या दुप्पट सशक्त होती. पण वृद्धेची धाकटी मुलगी, जेमतेम दोन-तीन वर्षांची पोर, तिच्याकडे रोखून पाहू लागताच त्या सशक्त मादीने दात विचकले आणि हातातला तुकडा खाली ठेवला. पोरीच्या अंगात बळ नव्हते. तिच्या पाठीशी आई होती, आईच्या पाठीशी मावश्या होत्या, आणि एवढे पुरेसे होते.

माझ्या शेजारी लाल सदरा आणि दंडावर पितळी बिल्ला घातलेला एक वयोवृद्ध कुली विडी शिलगावून उभा होता. माझे लक्ष कोठे आहे हे त्याने ओळखले. “बाबूजी,” तो म्हणाला, “मर्द तो आते-जाते रहते हैं. घर इन्हीं औरतों का है.” मी त्याला विचारले, की हे त्याने कसे ओळखले. त्याने घुमटाकडे बोट केले. “ती कान कटी बुढ़िया आहे ना, तिची आई मी पाहिली आहे. ह्याच कमानीवर बसायची,” अशा अर्थाचे काही तो आपल्या अवधी ढंगाच्या हिंदीत सांगत राहिला, आणि मी ते ऐकत असताना मनात म्हणत होतो, की जे कळावयास पाश्चात्त्य आणि जपानी पंडितांना वह्यांवर वह्या भराव्या लागल्या, ते ह्या माणसाने ओझी वाहता वाहता पाहून ठेवले आहे.

कारण शास्त्राचा निष्कर्षही नेमका हाच आहे. ऱ्हीससाच्या टोळीत मादी जन्मते तेथेच मरते. नर वयात येताच टोळी सोडून परक्या टोळीत नशीब काढावयास जातो. म्हणून टोळीचा कणा म्हणजे आई, मुली, नाती आणि मावश्या ह्यांची घराणी. मुलीला आईच्या लगतची खालची पायरी मिळते, जशी वतनदाराच्या घरी वतनाची नोंद पुढच्या पिढीकडे चालत यावी तशी. आणि बहिणी-बहिणींत मान धाकटीचा, कारण भांडणात आई धाकटीची बाजू घेते. हा धाकटीच्या मानाचा नियम १९५० नंतरच्या दशकात कावामुरा ह्या जपानी संशोधकाने जपानी माकडांत प्रथम उघड केला, आणि ऱ्हीससांच्या बाबतीत त्याची खातरजमा झाली ती आपल्या देशात नव्हे, तर अटलांटिकपलीकडच्या एका बेटावर.

त्या बेटाची कथा सांगण्याजोगी आहे. १९३८ साली कार्पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने उत्तर हिंदुस्थानातून शेकडो माकडे पकडवून, जहाजात भरून, पोर्तो रिकोजवळच्या केयो सँटियागो नावाच्या सुमारे अडतीस एकरांच्या बेटावर नेली आणि त्यांतली चारशेंवर तेथे मोकळी सोडली. आज त्या बेटावर जी माकडे आहेत ती सर्व त्यांचीच संतती. प्रत्येकाची ओळख, प्रत्येकाची आई, आजी, पणजी दफ्तरात नोंदलेली. मानवेतर प्राण्यांची इतकी दीर्घ आणि तपशीलवार वंशावळ जगात फार थोड्या ठिकाणी ठेवली गेली असेल. आपल्याकडच्या माकडांचा अभ्यास त्या मानाने विरळ, पण अगदीच नाही असे नव्हे. १९५९-६० च्या सुमारास चार्ल्स साउथविक ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने अलीगढ विद्यापीठातील मिर्झा अझहर बेग आणि रफीक सिद्दिकी ह्यांच्यासह उत्तर प्रदेशातील माकडांची पाहणी केली, तेव्हा त्यांनी अरण्यांबरोबर गावे, देवळे, सडका आणि रेल्वे स्थानकेही मोजणीत धरली होती. त्या काळी ह्याच मुलखातून दरसाल हजारोंच्या हजारो माकडे पिंजऱ्यांत घालून परदेशी प्रयोगशाळांकडे रवाना होत. पोलिओच्या लशीपायी तर त्यांची मागणी बेसुमार वाढली होती. अखेर १९७८ साली भारत सरकारने ही निर्यात बंद केली, आणि ती बंद केली हे मला आपल्या देशाच्या शहाणपणाचे एक उत्तम कृत्य वाटते.

चारबागची ही घराणी पाहत असताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा दुसराच एक समाज येत होता. तो मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पाहण्याचा योग येईल अशी आशाही आता धरवत नाही. पण गेली काही वर्षे माझ्या वाचनात त्याच्याइतके दुसऱ्या कशालाच मी स्थान दिलेले नाही. तो समाज म्हणजे आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या दक्षिणेकडील अरण्यात राहणाऱ्या बोनोबो नामक कपींचा.

दुपारी मी बनारसी बागेतल्या प्राणिसंग्रहालयात गेलो. १९२१ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने स्थापन झालेली ही बाग आज नवाब वाजिद अली शाहच्या नावाने ओळखली जाते. तेथे जाण्याचे माझे कारण असे, की भारतात नैसर्गिकरीत्या राहणारा एकमेव कपी जो हुलॉक, त्याच्यासाठी हे संग्रहालय पुष्कळ काळ प्रसिद्ध आहे. कपी म्हणजे शेपटी नसलेले, माणसाचे अगदी जवळचे आप्त. त्यांत गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो एवढ्यांचा समावेश होतो, आणि ज्यांना आपण रोज पाहतो ती माकडे आणि वानरे ह्या घराण्याबाहेरची, दूरच्या भाऊबंदकीतली. तरीही ह्या पाच जवळच्या आप्तांची समाजरचना परस्परांहून इतकी भिन्न आहे, की निसर्गाने एकाच घराण्यात संसाराचे सर्व प्रकार करून पाहिले की काय असे वाटावे. आसामातला हुलॉक आणि त्याचे इतर गिबन भाऊबंद जोडप्याने राहतात आणि पहाटे नर-मादी मिळून दीर्घ, चढत्या आवाजात गातात. ओरांगउटान बहुधा एकटा हिंडतो. माता आणि तिचे लेकरू एवढेच त्याचे कुटुंब. गोरिलाच्या कुटुंबावर पाठ रुपेरी झालेल्या एका महाकाय नराची हुकूमत असते.

राहिले दोघे, चिंपांझी आणि बोनोबो. हे दोघे एकमेकांच्या इतके निकट, आणि दोघेही माणसाच्या इतके निकट, की त्यांचा आणि आपला जनुकीय वारसा सुमारे अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक जुळतो. चिंपांझीच्या समाजात नर जन्मस्थळी राहतो आणि मादी वयात येताच परक्या टोळीत जाते. भाऊ, चुलते, बालमित्र अशा नरांची जूट तेथे सत्ता चालवते, सरहद्दीवर गस्त घालते आणि शेजारच्या टोळीतल्या एकट्यादुकट्याला गाठून ठारही मारते. १९७४ ते १९७८ ह्या काळात टांझानियातल्या गोम्बे येथे जेन गुडॉल ह्यांच्या डोळ्यांसमोर, कधी काळी एकच असलेल्या टोळीच्या दोन तुकड्यांपैकी एकीने दुसरीतल्या नरांचा एकेक करून निःपात केला. ज्या बाईंनी चिंपांझींच्या ममतेची वर्णने जगाला ऐकविली होती, त्यांनाच हे लिहावे लागले. आणि त्यांनी ते लपविले नाही, ह्याबद्दल त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावला.

बोनोबोचे आरंभीचे तथ्य चिंपांझीसारखेच आहे. तेथेही नर जन्मस्थळी राहतो आणि मादी घर सोडते. सात-आठ वर्षांची, अजून पुरती वाढ न झालेली बोनोबो पोर आपली आई, आपली भावंडे, आपली ओळखीची फळझाडे मागे टाकून एकटी परक्या टोळीत जाते, जशी माहेर सोडलेली मुलगी पूर्वीच्या काळी बैलगाडीतून सासरच्या उंबऱ्यापाशी उतरे. तेथे तिच्या रक्ताचे कोणी नसते. नव्या टोळीतल्या इतर माद्याही अशाच ठिकठिकाणांहून आलेल्या, एकमेकींच्या परक्या. ह्या स्थितीतून चिंपांझीची मादी बहुधा एकाकी, नरांच्या धाकात दिवस काढणारी होते. आणि बोनोबोची? ती सत्ताधारी होते.

हे कसे घडते, ते जपानी संशोधकांनी काँगोतल्या वांबा गावाजवळ पाहिले. ताकायोशी कानो ह्यांनी १९७३ च्या सुमारास त्या दुर्गम प्रदेशात ठाण मांडले, कपींना जवळ आणण्यासाठी उसाची लागवड करविली आणि वर्षानुवर्षे त्यांची ओळख करून घेतली. त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या मंडळींनी नोंदविले आहे, की नवागत मादी आल्याबरोबर टोळीतल्या कोणा एका ज्येष्ठ मादीवर आपली नजर स्थिर करते. ती जाते तेथे जाते, बसते तेथे थोड्या अंतरावर बसते, तिच्याकडे पाहत राहते, संधी मिळताच तिचे अंग वेचू लागते, आणि ज्येष्ठेने अनुमती दिली की दोघी समोरासमोर येऊन एकमेकींना घट्ट कवळतात आणि जननांगांचे घर्षण करतात. ह्या गोष्टीचा उल्लेख करताना आपल्याकडे लेखणी अडखळते, पण ती अडखळण्याचे काही कारण नाही. ज्याला आपण कामक्रीडा म्हणतो ती बोनोबोमध्ये केवळ संततीसाठी नसते. फळांनी लगडलेले झाड सापडले, भांडण मिटले, दोन टोळ्या समोरासमोर आल्या, म्हणजे मनात जी धास्ती दाटते ती विरवून टाकण्याचे ते साधन आहे. नरामाद्यांत ते घडते, नरानरांतही घडते, पण माद्यामाद्यांत ते सर्वांत अधिक आढळते, आणि त्या टोळीची सारी राज्यव्यवस्था ह्याच पायावर उभी आहे. चारबागच्या वृद्धेमागे मावश्या उभ्या होत्या, पण त्या रक्ताच्या होत्या. बोनोबोच्या ज्येष्ठेमागे ज्या उभ्या राहतात त्या सगळ्या अनोळखी मुलखांतून येऊन तिच्या झालेल्या असतात. बोनोबोविषयी जे जे मी वाचले त्यांत मला सर्वाधिक हलवून गेलेली गोष्ट हीच आहे.

त्या एकजुटीचा परिणाम सत्तेवर होतो. अंगाने नर थोडा मोठा असतो. तरी झाडावर फळांचा उत्तम घोस असला तर तो माद्यांच्या ताब्यात राहतो, आणि एखाद्या नराने मादीवर अथवा तिच्या पिलावर दांडगाई केली तर दोन-तीन माद्या मिळून त्याला असे झोडपतात, की त्याची बोटे चावून तोडल्याची उदाहरणे आहेत. सहा रानटी टोळ्यांच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले, की जेथे माद्या अधिक वेळा एकत्र येतात तेथे त्यांची सत्ता अधिक पक्की असते. म्हणजे ही सत्ता जन्मजात नव्हे, ती एकमेकींच्या पाठीशी उभे राहण्यातून दररोज कमावावी लागते. आणि नर? त्याचा आधार आई. बोनोबोचा मुलगा प्रौढ झाल्यावरही आईच्या सावलीत राहतो. ज्याची आई टोळीत हयात असते त्याला स्वतःची संतती होण्याची संधी मातृहीन नरापेक्षा कितीतरी अधिक असते, असे २०१९ साली मार्टिन सुरबेक ह्यांनी दाखविले. चिंपांझीत असे आढळत नाही.

आणि पिलांच्या रक्षणाचा विचार करताना धारवाडचे स्मरण झाल्यावाचून राहवत नाही. आपल्या सीमेपलीकडच्या त्या जिल्ह्यातील सागवानी रानात युकिमारू सुगियामा ह्या जपानी तरुणाने १९६० नंतरच्या पहिल्याच वर्षांत काळतोंड्या वानरांचा अभ्यास केला, आणि एका टोळीवर नवा नर चालून आल्यावर त्याने तिथली अंगावरची पिले मारली, हे जगाने तेथून प्रथम ऐकले. विद्वानांनी आधी त्यावर विश्वास ठेवला नाही. ती विकृती असावी, गर्दीचा दोष असावा, असे म्हटले गेले. पुढे साराह हर्डी ह्यांनी अबूच्या पहाडावर तेच पाहिले, आणि त्यामागचे कारणही मांडले: तान्हे मेले की माता लवकर पुन्हा गर्भधारणेस सिद्ध होते, आणि नव्या नराला आपली संतती लाभते. चिंपांझी आणि गोरिला ह्यांतही बालहत्या नोंदली गेली आहे. बोनोबोत तशी एकही खात्रीची नोंद झालेली नाही. जेथे पिलावर हात टाकणाऱ्याभोवती परक्या परक्या माद्यांचा वेढा पडतो, तेथे हा डाव टिकू शकत नाही, असे अभ्यासक मानतात. आणि मलाही ते पटते.

तथापि बोनोबोला देवाच्या पंक्तीस बसविणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. काँगोतल्या कोकोलोपोरी येथील बोनोबो नर आणि गोम्बेचे चिंपांझी नर ह्यांच्या वर्तनाची तुलना करून २०२४ साली असे सिद्ध करण्यात आले, की किरकोळ भांडणे आणि अंगावर धावून जाणे हे बोनोबो नरांत चिंपांझींपेक्षाही अधिक वेळा घडते. फरक निराळा आहे: चिंपांझी नर जूट करून भांडतात आणि माद्यांनाही त्रास देतात, बोनोबो नर एकटा एकट्याशी भांडतो आणि त्याचे पर्यवसान मृत्यूत होत नाही. त्याच कोकोलोपोरीत दोन टोळ्या सरहद्दीवर भेटल्यावर एकमेकींचे अंग वेचतात आणि फळे वाटून घेतात, हेही नोंदले गेले आहे. वांबा येथे तर दोन माद्यांनी परक्या टोळीतली पिले आपल्या पदराखाली घेऊन वाढविल्याची हकीकत २०२१ साली प्रसिद्ध झाली. वाचताना माझे डोळे पाणावले, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

इतके निकट दोन भाऊ आणि इतका भिन्न संसार, ह्याचे कारण शोधताना अभ्यासक पुन:पुन्हा नदीपाशी येतात. काँगोचे विशाल पात्र सुमारे पंधरा-वीस लक्ष वर्षांपूर्वी ह्या दोन शाखांच्या आड आले असावे, आणि कपींना पोहता येत नाही. उत्तरेकडे चिंपांझीला जमिनीवरचा पाला आणि कंद गोरिलाशी वाटून खावे लागले. दक्षिणेकडे गोरिला नव्हता. अन्न मुबलक मिळाल्यामुळे तेथल्या माद्यांना विखरून हिंडावे लागले नाही, त्या एकत्र राहू शकल्या, आणि एकत्र राहिल्यामुळे एकमेकींच्या झाल्या. रिचर्ड रँगम ह्या अभ्यासकाने मांडलेली ही उपपत्ती अंतिम नाही. पण तापीच्या पुलावरून आलेल्या माणसाला तिचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक आहे. नदीच्या ह्या तीरी कडक उतरंड आणि त्या तीरी सोशिकपणा, असे चित्र आपल्या देशातही काही अंशी आहेच.

मग चारबागच्या ऱ्हीससांच्या कपाळी ही उतरंड कायमची लिहिलेली आहे काय? ह्याचे उत्तर त्याच अडतीस एकरांच्या बेटाने दिले. २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ नावाचे चक्रीवादळ केयो सँटियागोवरून गेले आणि बेटावरचा बहुतेक झाडोरा उन्मळून पडला. माकडे बव्हंशी वाचली, पण सावली गेली. त्या उघड्या, तापलेल्या बेटावर अभ्यासकांनी पाहिले, की जी माकडे पूर्वी एकमेकांस जवळ उभेही करीत नसत ती उरलेल्या सावलीच्या तुकड्यांत अंगास अंग लावून बसू लागली. त्यांनी नवे मित्र जोडले, आणि ते नुसते आपल्या घराण्यातले नव्हते. पुढची वर्षे हे चालू राहिले, आणि ज्यांनी अधिक सहन केले, ज्यांना अधिक जणांच्या शेजारी बसता आले, त्यांच्या मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी भरले, असे २०२४ साली कामिल टेस्टार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. ज्यांचे पूर्वज ह्या उत्तरेच्या मुलखातून पिंजऱ्यांत गेले, त्यांच्याच वंशजांची ही गोष्ट आहे. पूर्वी अशक्य मानलेले औदार्य संकटात त्यांच्या अंगी आले.

म्हणूनच चारबागेतून निघण्यापूर्वी मी त्या वृद्ध कुलीला पुन्हा शोधून काढले आणि त्याला जितके आठवते तितके सांगण्याची विनंती केली. कोणती मादी कोणाची मुलगी, कोणत्या कमानीवर कोणते घराणे, कोणता नर कोठून आला, हे त्याने मला सांगितले आणि मी ते लिहून घेतले. ह्या माकडांविषयी लखनौत जी चर्चा ऐकू येते ती केवळ त्यांना हाकलण्याची. मेट्रोने आपल्या काही स्थानकांवर लंगुरांची कापीव चित्रे उभी करून आणि त्यांचे आवाज वाजवून माकडांना दूर ठेवण्याचा प्रयत्न केला. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने ह्या जातीचे नाव संरक्षित सूचीतून वगळले गेले आहे. उपद्रव खरा आहे. लहान मुलांच्या हातातला खाऊ ओढला जातो, म्हाताऱ्यांना ओरबाडे बसतात, आणि त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण आज जाळी टाकून, हाती येतील ती धरून, पिंजऱ्यांत कोंबून कोसों दूर जंगलात सोडण्याची जी रीत आहे, तिच्यात आई एका पिंजऱ्यात आणि मुलगी दुसऱ्या फलाटावर राहते. आईच्या पाठबळावाचून ती पोर कोणत्याही पायरीवरची राहत नाही, आणि घराणे मोडलेली टोळी शांत होत नाही, ती फुटते आणि पसरते. तुघलकाबादच्या माकडांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या डॉ. इक्बाल मलिक ह्या हेच वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत.

लखनौ विद्यापीठ ह्या स्थानकापासून दूर नाही. तेथल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी चारबागच्या घुमटांवरच्या घराण्यांची एक नोंदवही उघडावी, कान कटी वृद्धेपासून आरंभ करावा, आणि ज्येष्ठाच्या उन्हात फलाटाच्या पत्र्याखालच्या सावलीत कोण कोणाशेजारी बसते हे लिहून ठेवावे. टोळी हलवावयाचीच ठरली तर निदान ती सबंध हलविता यावी, एवढी माहिती ह्या नोंदींतून मिळेल. आणि त्या सावलीत एखादी उच्च घराण्यातली मादी एखाद्या परक्या, खालच्या पायरीवरच्या मादीला जागा देते काय, हेही कळेल. माझी वही मी त्या कामासाठी कोणालाही देण्यास सिद्ध आहे. कुलीने सांगितलेली घराणी तिच्या पहिल्या पानांवर आहेत.